फर्नेस बंद पडलेल्या रात्री काहीही विकत घेऊ नका

गेल्या जानेवारीत रात्री पावणेबाराला फोन वाजला. आमच्या वयात एवढ्या रात्री फोन आला की जीव आधी कोल्हापूरला जाऊन येतो. पण फोन इथलाच होता, चार मैलांवरून. ‘‘काका, झोपला होतात का? घरात अठ्ठावन्न झालंय आणि अजून उतरतंय. आई बाळाला शालीत घेऊन बसलीय.’’ अठ्ठावन्न म्हणजे फॅरनहाइट. आपल्या हिशेबात १४. बाहेर उणे १८. पोरगा नाशिकचा, मोटारींचं सॉफ्टवेअर लिहितो, सहाच महिन्यांपूर्वी त्यांनी नोव्हायमध्ये घर घेतलेलं. दुरुस्तीवाल्यांना त्यानं फोन केला होता. माणूस सकाळी येणार, नुसतं येऊन बघण्याचे १८९ डॉलर, दुरुस्तीचे वेगळे. आणि घर तापवणारी फर्नेस चौदा वर्षांची आहे म्हटल्यावर पलीकडच्या बाईंनी मोठ्या आपुलकीनं विचारलं होतं, नवीनच्या हप्त्यांची माहिती पाठवू का?

पायजम्यावर कोट चढवला आणि गेलो. तळघरात उतरलो तर फर्नेसचं खालचं झाकण एका बाजूनं अर्धा इंच बाहेर. संध्याकाळीच त्यानं फिल्टर बदलला होता. त्या झाकणामागे बटणाएवढा एक स्विच असतो. झाकण नीट बसलं की तो दाबला जातो, नाही बसलं की अख्ख्या यंत्राची वीज तुटते. मी तळहातानं झाकण ढकललं. खट् झालं. मिनिटभरानं वरून आजींचा आवाज आला, ‘‘अरे, आलं रे गरम!’’

पोरगा इतका ओशाळला की मलाच वाईट वाटलं. म्हटलं, बाबा रे, लाजू नकोस. मी यंत्र अभियंता, सबंध नोकरी इंजिनांच्या धुराड्यांवर काढली, आणि तरी एका रात्री साध्या बोटभर दांडीवरची काजळी पुसायची सोडून ६,८०० डॉलरच्या कागदावर सही करायला निघालो होतो.

ती हकिगत सांगतोच. त्याआधी, हे एका मराठी वर्तमानपत्रात का लिहितोय ते सांगतो. मी १९९८ मध्ये पुण्याहून डेट्रॉइटच्या परिसरात आलो. मोटारींच्या धंद्यामुळे ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या गावांत आपली माणसं पुष्कळ. दरवर्षी नवी पोरं घरं घेतात आणि दर जानेवारीत त्यांतली दोन-तीन मला फोन करतात. त्यांचे आईवडील तिकडे सांगलीत, ठाण्यात व्हिडिओ कॉलवर नातवाची कानटोपी पाहून घाबरतात आणि म्हणतात, जे काय पैसे लागतील ते दे, पण आजच्या आज नवीन बसवून घे. माझं म्हणणं नेमकं याच वाक्याविरुद्ध आहे.

आमची आई इथे आली की फर्नेसला ‘तुमची भट्टी’ म्हणायची. मी तिला सांगितलं, भट्टी नव्हे, बंब. आमच्या मंगळवार पेठेतल्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत निखारे आणि बंबफोड, भोवती पाणी. विस्तव आणि पाणी एकमेकांना कधी भेटत नाहीत, मधलं तांबं तेवढं तापतं. फर्नेसमध्येही असंच. लोखंडी नळ्यांच्या आत गॅस जळतो, बाहेरून पंखा घरातली हवा फिरवतो. या नळ्यांना हीट एक्सचेंजर म्हणतात. जळालेला वायू धुराड्यानं बाहेर, तापलेली हवा घरात.

फरक आहे तो बिघाडात. बंबाच्या मधल्या नळीला भोक पडलं तर पाणी निखाऱ्यावर पडून चर्र आवाज यायचा, विस्तव विझायचा, आणि मग तांबटाकडे डाग द्यायला न्यायचा. फर्नेसच्या नळीला तडा गेला तर आवाज नाही, वास नाही. कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि तो माणूस मारतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म हवाच, आणि तो वाजला तर बॅटरी काढायची नाही. सगळ्यांनी आधी घराबाहेर पडायचं आणि बाहेरून ९११ ला फोन करायचा. यात मला घासाघीस मान्य नाही. पण हा धोका खरा आहे म्हणूनच तो विकताही येतो.

२००९ चा जानेवारी, शुक्रवारची संध्याकाळ. आमची फर्नेस पेटायची आणि चार-पाच सेकंदांत विझायची. तीनदा प्रयत्न करून गप्प बसायची. एका मोठ्या, रंगीत गाडीवाल्या कंपनीचा तरुण आला. त्यानं झाकण काढलं, टॉर्च मारला, आणि चेहरा पाडून म्हणाला, हीट एक्सचेंजरला तडा आहे. मी हे यंत्र चालू करून देऊ शकत नाही. घरात लहान मुलं आहेत ना? मग आकडा दाखवला, ६,८००. आज रात्री सही केली तर दहा टक्के सूट. बायको म्हणाली, करून टाका. माझ्या हातात पेन होतं. थर्मोस्टॅट ५६ दाखवत होता.

वाचवलं ते शेजारच्या गुजराती कुटुंबानं. त्यांच्याकडे तेल भरलेले दोन विजेचे हीटर होते, चाकांवर ढकलायचे. ते आणून एक मुलांच्या खोलीत, एक आमच्या खोलीत लावला, दारं बंद केली, आणि अर्ध्या तासात माझं डोकं चालायला लागलं. त्या पोराला बघण्याचे १२९ डॉलर दिले आणि घरी पाठवलं. सकाळी एक म्हातारा आला. एकटाच धंदा करणारा, गाडीवर नावसुद्धा नाही. त्यानं आरसा आणि बारीक कॅमेरा आत घातला, एकेक नळी मला दाखवली. तडा म्हणून जे दाखवलं होतं ती पत्र्याच्या जोडावरची गंजाची रेघ होती. धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइडही त्यानं यंत्रानं मोजला. मग एक स्क्रू काढून बोटभर लांबीची दांडी बाहेर काढली, बारीक काथ्यानं पुसली, परत बसवली. फर्नेस पेटली आणि पेटलेली राहिली. ९५ डॉलर. ती फर्नेस त्यानंतर नऊ वर्षं चालली.

ती दांडी म्हणजे फ्लेम सेन्सर. ज्योतीतून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह, काही मायक्रोॲम्पिअर, वाहतो. तो मिळाला की यंत्राला कळतं, आग खरंच लागली आहे. दांडीवर पुट चढलं की प्रवाह मिळत नाही, आणि गॅस नुसताच वाहतोय असं समजून यंत्र तो बंद करतं. म्हणजे फर्नेस बिघडली नव्हती, ती शहाण्यासारखी वागत होती. मूर्ख ठरणार होतो तो मी.

म्हणून नव्या घरमालकानं किमती पाठ करण्याआधी यंत्राच्या पेटण्याच्या पायऱ्या पाठ कराव्यात. थर्मोस्टॅट हाक देतो. एक छोटा पंखा धुराड्याकडे हवा ओढायला लागतो. हवा खरंच ओढली जातेय, असं एक दाबाचा स्विच सांगतो. इग्नायटर लाल होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत लागते, सेन्सर हो म्हणतो, आणि थोड्या वेळानं मोठा पंखा सुरू होतो. खुर्ची टाकून एकदा हे बघा. कोणत्या पायरीवर अडतंय एवढं फोनवर सांगता आलं, तर पलीकडचा माणूस तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो. आतल्या बोर्डावर एक दिवा लुकलुकतो. तो किती वेळा लुकलुकला की काय बिघाड, याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. मी विचारलेल्या दहा घरांतल्या नऊ जणांनी तो कधी वाचलेला नव्हता.

फोन करायच्या आधी फुकटात बघण्यासारखं बरंच असतं. थर्मोस्टॅटची बॅटरी. फर्नेसशेजारचा स्विच, जो दिव्याच्या स्विचसारखाच दिसतो आणि सामान शोधायला तळघरात गेलेला पाहुणा हमखास बंद करून येतो. फिल्टर मळलेला आहे का. हवा अडली की यंत्र जास्त तापतं आणि स्वतःला बंद करतं. हल्ली जास्तीत जास्त धूळ अडवणारा, एक इंची, भारी फिल्टर आणायची टूम आहे. पुष्कळ फर्नेसना त्यातून श्वास घेता येत नाही. घराबाहेर प्लास्टिकचे दोन पांढरे पाइप निघालेले असतील तर त्यांच्या तोंडाशी बर्फ साचलाय का बघा. याच जातीच्या फर्नेसमधून पाणी ठिबकतं, त्याची नळी तुंबली तरी यंत्र अडून बसतं. गॅसचा व्हॉल्व्ह आणि गॅसचा पाइप मात्र हात लावायच्या वस्तू नव्हेत. गॅसचा वास आला तर दुरुस्तीवाल्याला नव्हे, घराबाहेर पडून गॅस कंपनीला फोन.

आता पैसे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माझी आणि ओळखीतल्यांची बिलं मी पाहत आलोय, त्यावरून सांगतो. नुसतं येऊन बघण्याचे ९० ते १५०, रात्री किंवा रविवारी त्याहून बरेच जास्त. फ्लेम सेन्सर पुसला किंवा बदलला तर शंभर ते अडीचशे. वस्तू स्वतः वीस-तीस डॉलरची. इग्नायटर दीडशे ते चारशे. जुन्या जातीचा इतका ठिसूळ की बोट लागलं तरी तडकतो. पंख्याचा कपॅसिटर वीस डॉलरचा, बसवून दीडशे-दोनशे. धूर ओढणारा छोटा पंखा किंवा बोर्ड गेला तर पाचशेच्या आगेमागे, कधी हजारापर्यंत. मोठ्या पंख्याची नव्या पद्धतीची मोटर हजार-पंधराशेला सहज जाते. हीट एक्सचेंजर सगळ्यांत वर, दोन-तीन हजार. पण त्यावर पुष्कळ कंपन्यांची वीस वर्षांची, काहींची तर यंत्र असेपर्यंतची हमी असते. अशा वेळी वस्तू फुकट, मजुरी तुमची. हे कोणी आपणहून सांगत नाही. आणि बऱ्याच कंपन्यांची दहा वर्षांची हमी बसवल्यापासून ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली तरच मिळते, नाहीतर पाचच वर्षं. घराची वास्तुशांत थाटात करणारे आपले लोक ही पाच मिनिटांची नोंदणी विसरतात.

वीस डॉलरच्या दांडीचे दोनशे का, यावरून आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत, जेवणाच्या रांगेत, फार कडवट बोलणी ऐकू येतात. मला ती पटत नाहीत. त्या माणसाला परवाना लागतो, विमा लागतो, भरलेली गाडी लागते, आणि रविवारी उणे वीसमध्ये तो तुमच्या दारात उभा राहतो. आपल्याकडे वस्तूचे पैसे खुशीनं देतात आणि जाणकारीचे देताना जीव जातो. एका गृहस्थांनी तर इंटरनेटवरून १८ डॉलरचा इग्नायटर मागवून ठेवला आणि आलेल्याला म्हणाले, फक्त लावून दे. तो ‘फक्त’ मला आवडला नाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडून ९५ च्या जागी २९५ घेतले असते तरी मी हसत दिले असते. माझा राग दर लावणाऱ्या माणसावर नाही. टॅबलेटवर एकच ठोक आकडा दाखवणाऱ्या पद्धतीवर आहे, ज्यात वस्तू किती, मजुरी किती, वस्तूचा नंबर काय, ती हमीत आहे का, काहीच कळत नाही; आणि ज्या ठिकाणी दुरुस्त करणाऱ्यालाच नवीन विकण्याचं कमिशन मिळतं, त्या व्यवस्थेवर तर फारच. वैद्यानं शवपेटीचं दुकान काढल्यासारखं आहे ते. हे चार प्रश्न शांतपणे विचारायचे, तडा म्हणत असेल तर तडा दाखव म्हणायचं, फोटो काढून घ्यायचा. प्रामाणिक माणूस चिडत नाही. माझा म्हातारा तर खूश झाला होता, कोणी बघायला आलं म्हणून.

या धंद्यात एक ‘पाच हजारांचा नियम’ सांगतात. यंत्राचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च. उत्तर ५,००० च्या वर गेलं की नवीन घ्या. ऐकायला शास्त्रीय वाटतं. अठरा वर्षांच्या, उत्तम चालणाऱ्या फर्नेसचा इग्नायटर ३०० डॉलरला बदलायचा म्हटलं तर उत्तर ५,४००. म्हणजे तीनशे वाचवायला सहा हजार घालवा! फर्नेस साधारण पंधरा-वीस वर्षं चालते हे खरं, पण वयाच्या दाखल्यावर कोणी चितेवर चढवत नाही. माझा नियम गावठी आहे: हीट एक्सचेंजर खरोखर गेला आणि हमी संपली असेल, किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, किंवा दोन हिवाळ्यांत तिसरं मोठं बिल आलं, तर नवीन. तेही मे महिन्यात. आम्ही २०१८ च्या मे मध्ये बदलली. दुरुस्तीवाले तेव्हा रिकामे असतात, तीन जणांनी घरी येऊन मापं घेऊन लेखी दर दिले. सगळ्यांत वरच्या आणि खालच्या दरात २,३०० डॉलरचा फरक होता, यंत्राची ताकद एकच.

रात्रीच्या घाईत सही होऊ नये म्हणून पोरांना मी सांगतो, दुरुस्तीखर्चाची सगळ्यांत चांगली तरतूद म्हणजे कपाटात ठेवलेले दोन तेलाचे हीटर. एकेक साठ-सत्तर-ऐंशी डॉलर. दीड हजार वॉटचे असतात, म्हणून दोन एकाच सर्किटवर लावायचे नाहीत, एक्स्टेन्शन कॉर्डवर तर नाहीच. गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून घर तापवायचं नाही, मग किती का थंडी असेना. ते हीटर अख्खं घर तापवत नाहीत, पण दोन खोल्या आणि तुमची अक्कल शाबूत ठेवतात. नळांतलं पाणी गोठून पाइप फुटेल ही भीती दाखवतात, आणि ती खोटी नाही. पण त्या २००९ च्या रात्री मी घड्याळ लावून मोजलं होतं. आमचं घर तासाला सुमारे दोन अंश फॅरनहाइट उतरत होतं, पुढे तेही मंदावलं. अडुसष्टवरून बत्तीसवर यायला एवढ्या वेगानंही अठरा तास. नळ बारीक ठिबकत ठेवायचे, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडायची. सकाळ होते.

३० जानेवारी २०१९ ला इथल्या सगळ्यांनाच याचा धडा मिळाला. मॅकोम्ब काउंटीत गॅसच्या कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागली, बाहेर उणे वीस सेल्सियसच्या खाली, आणि रात्री सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले: थर्मोस्टॅट ६५ किंवा त्याखाली आणा. पंच्याहत्तर डिग्रीत बनियनवर वावरणारे आपले लोक त्या रात्री स्वेटर घालून झोपले आणि दुसऱ्या दिवशी जिवंत उठले. थंडी आणि थंडीची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रात्रीच्या दराचं बिल बहुतेक दुसरीचं असतं.

सही करून बसलाच असाल तर एक गोष्ट. घरी येऊन विकलेल्या वस्तूचा करार तीन कामकाजी दिवसांत मोडता येतो असा इथल्या केंद्र सरकारचा नियम आहे. त्याला पळवाटही आहे. ‘तातडीची गरज आहे, मी हा हक्क सोडतो’ असं तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून सही केलीत की तो हक्क गेला. म्हणून रात्री कोणी कागदावर ‘एवढी एक ओळ लिहा’ म्हणालं, तर ती ओळ दोनदा वाचा.

वार्षिक तपासणी करावी, सप्टेंबरात, पूर्ण दर देऊन. ४९ डॉलरच्या तपासणीची कुपनं येतात, ती गळाला लावलेली गांडुळं. घर घेताना मिळणाऱ्या ‘होम वॉरंटी’बद्दल मी लिहीत नाही, रक्तदाब आहे मला.

परवा नाशिककराचा फोन आला. या खेपेला दुपारी. ‘‘काका, ऑक्टोबरात एकदा याल का? झाकण उघडून सगळं दाखवा, हिलाही बघायचंय.’’ म्हटलं, येतो. आजींना म्हणावं चहा ठेवा. फिल्टर मात्र तू आणून ठेव, सोळा बाय पंचवीस बाय एक, आणि स्वस्तातला.